सुरवंटांची चरित्रकार : मरिया सिबिला मेरियन

आमच्या शाळेच्या कुंपणालगत शंकासुराचीं झुडपें आहेत. पावसाळ्यांत तीं तांबड्यापिवळ्या तुऱ्यांनीं भरून जातात, आणि मधल्या सुटींत तीं फुलें तोडण्यासाठीं लहान वर्गांतील मुलांची झुंबड उडते. हें झुडूप आपल्याला इतकें परिचयाचें झालें आहे कीं तें परदेशचें असेल अशी शंकाहि मनांत येत नाहीं. परंतु तीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं अटलांटिक महासागरापलीकडे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, एका जर्मन बाईनें ह्याच शंकासुराचें एक चित्र काढलें. फांदीवर फुलें, फुलांजवळ सुरवंट आणि त्याच सुरवंटापासून झालेला पतंग असें तें चित्र आहे. त्या चित्रासोबत तिनें जो मजकूर लिहून ठेवला तो वाचून मन सुन्न होतें. तो मजकूर पुढें येईलच. प्रथम त्या बाईची ओळख करून घेऊं. कारण जी स्त्री एके काळीं सबंध युरोपांत गाजली होती तिचें नांव पुढें दीर्घकाळ विस्मृतींत पडलें, आणि आपल्याकडे तर तें फारसें कोणाच्या कानांवर गेलेलेंच नाहीं.

मरिया सिबिला मेरियन हिचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. तीस वर्षें चाललेलें तिकडचें घनघोर युद्ध तेव्हां नुकतें संपत आलें होतें. तिचा पिता मात्तेउस मेरियन हा नामांकित ताम्रचित्रकार व ग्रंथप्रकाशक होता. त्यानें प्रसिद्ध केलेलीं युरोपांतील नगरांचीं दृश्यें दूरदूर पोहोंचलीं होतीं. परंतु मुलगी तीन वर्षांची होते न होते तोंच, १६५० सालीं, तो मरण पावला. पुढल्या वर्षीं तिच्या आईनें याकोब मारेल नांवाच्या चित्रकाराशीं पुनर्विवाह केला. सावत्र बाप म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें छळाचें चित्र उभें राहतें. येथें मात्र उलट घडलें. मारेल हा फुलांचीं चित्रें काढण्यांत निष्णात होता, आणि त्यानें ह्या मुलीच्या हातांतील कसब ओळखून तिला आपल्या शिष्यांच्या बरोबरीनें शिकविलें. रंग कसे खलावे, फुलाची पाकळी कशी उमटवावी, तांब्याच्या पत्र्यावर रेघ कशी धरावी, ह्या गोष्टी ती खेळण्याच्या वयांतच आत्मसात करूं लागली.

तेराव्या वर्षीं तिला एक नवा नाद लागला. फ्रँकफुर्टमध्यें रेशमाचे किडे पाळण्यांत येत. ते तिनें निरखून पाहिले; ते तुतीचीं पानें कशीं खातात, कात कशी टाकतात, स्वतःभोंवतीं कोश कसा विणतात, आणि एके दिवशीं त्या कोशांतून पतंग कसा बाहेर पडतो, हें सारें तिनें पाहिलें. नंतर तिच्या ध्यानांत आलें कीं बागेंतील इतर सुरवंटांचीहि हीच कथा आहे, आणि त्यांच्यापासून होणारीं फुलपाखरें तर रेशमाच्या पतंगाहून कितीतरी सुंदर आहेत. तेव्हांपासून दिसेल तो सुरवंट घरीं आणून पाळण्याचा तिनें परिपाठ ठेविला, आणि तो जन्मभर सोडला नाहीं.

ही गोष्ट आज साधी वाटते, पण त्या काळीं ती साधी नव्हती. किडे हे चिखलांतून, शेणांतून किंवा कुजलेल्या मांसांतून आपोआप उपजतात असा समज विद्वानांतहि रूढ होता. इटलींतील फ्रान्चेस्को रेडी ह्यानें मांसांतील किडे माशीच्या अंड्यांपासून होतात हें प्रयोगानें दाखविलें तें १६६८ सालीं, आणि हॉलंडमधील स्वामरडाम ह्याचा कीटकांवरील ग्रंथ निघाला तो १६६९ सालीं. मरियेनें निरीक्षणास आरंभ केला तो ह्या दोघांच्या ग्रंथांपूर्वीं कित्येक वर्षें. लोकांच्या दृष्टीनें कीटक म्हणजे घाण, अमंगळ, पायाखालीं चिरडण्याची वस्तु. सैतानाची उत्पत्ति म्हणूनहि कोणी त्यांच्याकडे पाहात. अशा वेळीं एका मुलीनें त्यांना घरांत जागा द्यावी, रोज ताजीं पानें आणून घालावीं, आणि त्यांच्या जीवनाची टिपणें ठेवावीं, हें धाडस लहान नव्हतें.

१६६५ सालीं तिचा विवाह मारेलचा शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ ह्याच्याशीं झाला. आतां तिला आम्हीं मरियाबाई म्हणणेंच युक्त होईल. १६६८ सालीं त्यांना योहाना हेलेना ही पहिली मुलगी झाली, आणि त्यानंतर हें कुटुंब न्युरेंबर्ग येथें राहावयास गेलें. दुसरी मुलगी डोरोथेया मरिया हिचा जन्म १६७८ चा. न्युरेंबर्गमध्यें तैलरंगांतील चित्रें काढून विकण्याचा हक्क चित्रकारांच्या संघांतील पुरुषांकडे होता. तेव्हां मरियाबाईंनीं जलरंगांचा मार्ग धरला. त्या चर्मपत्रावर चित्रें काढीत, रंग तयार करून विकीत, आणि प्रतिष्ठित घराण्यांतील मुलींस चित्रकला व भरतकाम शिकवीत. ह्या मुलींना भरतकामासाठीं नमुने हवेत म्हणून त्यांनीं फुलांच्या चित्रांचें एक पुस्तक स्वतः पत्रे कोरून प्रसिद्ध केलें. तें १६७५ ते १६८० ह्या काळांत तीन भागांत निघालें. संसार, दोन लहान मुली, शिकवण्या आणि व्यापार हें सांभाळून उरलेल्या वेळांत सुरवंटांची देखभाल चालूच होती.

तिचें फळ १६७९ सालीं दिसलें. सुरवंटांचें अद्भुत रूपांतर आणि फुलांवरील त्यांचा आहार, ह्या विषयावर त्यांनीं पन्नास चित्रांचें पुस्तक काढलें; १६८३ सालीं त्याचा तितक्याच चित्रांचा दुसरा भाग निघाला. पुस्तक लॅटिनमध्यें नसून लोकांच्या जर्मन भाषेंत होतें. ह्या पुस्तकाचें वैशिष्ट्य काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. त्यांच्या आधींहि कीटकांचीं चित्रें निघत असत. पण तीं बहुधा टाचणीनें टोचून ठेविलेल्या मृत वस्तूंसारखीं, रांगेनें मांडलेलीं असत. मरियाबाईंच्या चित्रांत एक वनस्पति मध्यभागीं असते. ज्या पानावर सुरवंट जगतो तेंच पान तेथें असतें. त्यावर कधीं अंडीं, मग कुरतडलेल्या कडेवर बसलेला सुरवंट, फांदीला लटकलेला कोश, आणि वर पंख पसरलेलें पाखरूं. म्हणजे एकाच पानावर एका प्राण्याचें सबंध चरित्र. कोणता जीव कोणत्या झाडावर अवलंबून आहे हें त्या चित्रावरून अक्षर न वाचतांहि कळतें. जीवसृष्टींतील परस्परसंबंधांचें जें शास्त्र पुढें फार मोठें झालें, त्याचें बीज ह्या चित्रांत आहे असें आज शास्त्रज्ञ मानतात.

अशीं चित्रें पुस्तकांत उतरविण्याचें काम किती कष्टाचें होतें तेंहि येथें सांगणें जरूर आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर लोखंडी कोरणीनें किंवा तेजाबाच्या साह्यानें चित्र कोरावयाचें; खांचांत शाई भरून वरची शाई पुसून टाकावयाची; मग ओलसर कागद ठेवून दाबयंत्रांतून काढावयाचा. मरियाबाई ह्यापुढें एक पाऊल जात. छाप ओला आहे तोंच त्यावर दुसरा कोरा कागद ठेवून त्या पुन्हां दाबीत. त्यामुळें दुसऱ्या कागदावर चित्र पुन्हां सुलटें व फिकट रेघांचें उमटे, आणि पत्र्याच्या कडेचा वळहि त्यावर राहात नसे. अशा प्रतीवर हातानें रंग भरला म्हणजे तें मूळ चित्रासारखेंच दिसे. कलावंत आणि कारागीर ह्यांत आपण जो भेद करतों तो ह्या बाईंच्या ठायीं नव्हता.

ह्यानंतर त्यांच्या आयुष्यांत एक विलक्षण वळण आलें. सावत्र पित्याच्या मृत्यूनंतर त्या आईजवळ फ्रँकफुर्टला परतल्या होत्या, आणि पतीशीं त्यांचें जमेनासें झालें होतें. १६८५ च्या सुमारास वृद्ध आई व दोन्ही मुली ह्यांस घेऊन त्या हॉलंडच्या उत्तरेस फ्रीसलंड प्रांतांत लाबादी नांवाच्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींत जाऊन राहिल्या. ह्या पंथाचे लोक खासगी मालमत्ता ठेवीत नसत. साधे कपडे, साधें अन्न आणि प्रार्थना असा त्यांचा क्रम होता. पती त्यांना परत नेण्यास आला, पण त्या गेल्या नाहींत, आणि पुढें दोघांची रीतसर फारकत झाली. त्या निर्णयाचा न्याय करणें आमचें काम नव्हे. इतकें मात्र खरें कीं त्या एकांतांतहि त्यांनीं आपलीं जुनीं टिपणें व चित्रें जुळवून एका वहींत व्यवस्थित लावून घेतलीं. ती वही रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें जतन करून ठेविलेली आहे. १६९० सालीं आई वारली, आणि दुसऱ्या वर्षीं मरियाबाई मुलींसह ॲमस्टरडॅम शहरीं आल्या.

ॲमस्टरडॅम हें तेव्हां जगाच्या व्यापाराचें नाक होतें. पूर्वेकडील व पश्चिमेकडील बेटांतून येणाऱ्या जहाजांबरोबर चमत्कारिक शंख, पक्षी आणि फुलपाखरें येत, आणि श्रीमंत गृहस्थ तीं कपाटांत मांडून ठेवीत. मरियाबाईंनीं हे संग्रह पाहिले. पाखरें सुंदर होतीं. पण तीं कोठून जन्मलीं, काय खात होतीं, कोणत्या रूपांतून गेलीं, हें कोणासच सांगतां येईना. कपाटांतील मेलेलें सौंदर्य पाहून त्यांचें समाधान होईना. तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं तें जिवंत असतां पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं तें जेथें जगतें तेथें गेलें पाहिजे.

त्या वेळीं त्यांचें वय बावन्न वर्षांचें होतें. शास्त्रीय शोधासाठीं समुद्रपार जाणाऱ्यांच्या पाठीशीं सहसा एखादा राजा, कंपनी किंवा धर्मसंस्था असे. मरियाबाईंच्या पाठीशीं असें कोणी नव्हतें. त्यांनीं स्वतःचीं २५५ चित्रें विक्रीस काढलीं, मृत्युपत्र करून ठेविलें, आणि १६९९ च्या उन्हाळ्यांत धाकट्या मुलीस, एकवीस वर्षांच्या डोरोथेयेस, बरोबर घेऊन त्या जहाजावर चढल्या. सुमारें दोन महिन्यांच्या प्रवासानंतर त्या दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम ह्या डच वसाहतींत उतरल्या.

पारामारिबो ह्या तेथील मुख्य गांवीं त्यांनीं बिऱ्हाड केलें, आणि नदीकांठच्या मळ्यांपर्यंत व अरण्यापर्यंत फेऱ्या सुरू केल्या. उष्मा असह्य, पाऊस मुसळधार, डांस अगणित. तेथील डच मळेवाल्यांना उंसाशिवाय दुसरें कांहींच दिसत नसे. साखर सोडून किड्यांच्या मागें लागणाऱ्या ह्या बाईची ते थट्टा करीत. मरियाबाईंनीं मात्र तेथें जें जें उगवतें तें तें पाहिलें. त्यांच्या चित्रांत अननस आहे, पेरू आहे, पपई आहे, काजू आहे, रताळें आहे, मिरचीहि आहे. हीं सर्व मूळचीं अमेरिकेचीं. पश्चिमेकडील दर्यावर्दी लोकांनीं तीं इकडे आणलीं, आणि आज त्यांच्याशिवाय आपला बाजार भरत नाहीं. म्हणून त्यांचें पुस्तक उघडलें कीं परक्या देशांत गेल्यासारखें न वाटतां कोंकणांतल्या एखाद्या परसांत उभें असल्यासारखें वाटतें.

आतां शंकासुराकडे वळूं. सुरिनामच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत होते, आणि त्यांजवर होणाऱ्या अत्याचारांस सीमा नव्हती. तेथील मूळच्या रहिवाशांपैकींहि कित्येकांस गुलाम करण्यांत आलें होतें. शंकासुराच्या चित्रासोबत मरियाबाईंनीं नोंदवून ठेविलें आहे कीं गुलाम स्त्रिया ह्या झाडाचें बीं घेऊन पोटांतील मूल जन्मास येऊं देत नसत. कारण आपल्यासारखेंच गुलाम होऊन त्यानें जगावें हें त्यांना सहन होत नसे. आणि ही गोष्ट त्या स्त्रियांनीं आपणास स्वतःच सांगितली, असें बाईंनीं स्पष्ट लिहिलें आहे. वनस्पतीच्या पुस्तकांत एका पानावर आईच्या दुःखाची ही साक्ष उमटून राहिली. मळेवाल्यांच्या हिशेबाच्या वह्यांत ती कोणीं लिहिली नसती.

येथें आम्हांस एक गोष्ट लपवितां येत नाहीं. मरियाबाईंनीं स्वतःहि गुलामांकडून काम घेतलें. अरण्यांत वाट पाडण्यास कुऱ्हाडी घेऊन पुढें जाणारे तेच होते. किडे व झाडें आणून देणारे, त्यांचे उपयोग सांगणारेहि तेच होते. परत येतांना तेथील एका मूळ रहिवासी स्त्रीला त्यांनीं ॲमस्टरडॅमला आणलें. ग्रंथांत त्यांनीं ह्या लोकांच्या ज्ञानाचें ऋण मान्य केलें, पण त्यांपैकीं एकाचेंहि नांव दिलें नाहीं. जिनें सुरवंटाचीं चारहि रूपें टिपून ठेविलीं तिच्या लेखणींतून ह्या माणसांचीं नांवें निसटून गेलीं. थोर व्यक्तींच्या चरित्रांत त्यांच्या उणिवाहि सांगाव्या. त्यानें त्यांची थोरवी कमी होत नाहीं, आणि आपली दृष्टि मात्र अधिक स्वच्छ होते.

सुरिनाममध्यें अधिक काळ राहण्याचा त्यांचा मानस होता. परंतु हवेनें प्रकृति ढांसळली, तापानें त्या अगदीं क्षीण झाल्या, आणि दोन वर्षांच्या आंतच, १६९१ नंतर बरोबर दहा वर्षांनीं, म्हणजे १७०१ सालीं, त्यांना ॲमस्टरडॅमला परतावें लागलें. पुढचीं चार वर्षें ग्रंथाच्या तयारींत गेलीं. १७०५ सालीं सुरिनाममधील कीटकांच्या रूपांतरावरचा त्यांचा महाग्रंथ साठ भव्य चित्रांसह डच व लॅटिन ह्या दोन भाषांत प्रसिद्ध झाला. आतां वयोमानानें बहुतेक पत्रे दुसऱ्या कसबी कारागिरांकडून कोरून घ्यावे लागले, पण मूळ चित्रें त्यांचीं होतीं आणि प्रकाशनाचा भार त्यांनींच शिरावर घेतला होता. ग्रंथाची सर्वत्र वाहवा झाली. पैसा मात्र फारसा मिळाला नाहीं. १७१५ सालीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि १३ जानेवारी १७१७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मृतांच्या नोंदवहींत त्यांची नोंद निर्धन म्हणून झाली. त्याच सुमारास रशियाचा बादशहा पीटर ह्याच्या वैद्यानें त्यांचीं पुष्कळ चित्रें बादशहासाठीं विकत घेतलीं. सुरवंटांच्या ग्रंथाचा राहिलेला तिसरा भाग डोरोथेयेनें त्याच वर्षीं प्रसिद्ध केला. पुढें ती पतीसह सेंट पीटर्सबर्ग येथें गेली व तेथील विद्वत्परिषदेसाठीं चित्रें काढूं लागली. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ऑयलर हा गणिती ठाऊक असेलच. त्याची दुसरी पत्नी ही ह्याच डोरोथेयेची कन्या, म्हणजे मरियाबाईंची नात.

अठराव्या शतकांत मरियाबाईंची कीर्ति टिकून होती. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस ह्यानें प्राण्यांना शास्त्रीय नांवें देतांना त्यांच्या चित्रांचा वारंवार आधार घेतला. परंतु एकोणिसाव्या शतकांत वारें फिरलें. त्यांच्या एका चित्रांत पेरूच्या फांदीवर एक मोठा केसाळ कोळी चिमुकल्या पक्ष्यास मारून खात आहे. कोळ्यानें पक्षी खावा हें कित्येक विद्वानांस अशक्य वाटलें. ही बाई भोळी, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी, गुलामांच्या थापांना भुलणारी, असें तिचें वर्णन होऊं लागलें. १८३४ सालीं तर एका इंग्रज पाद्री निसर्गपंडितानें सुरिनामला कधींहि पाऊल न ठेवतां तिच्या ग्रंथाची कठोर चिरफाड केली. त्याच्या हातीं असलेली आवृत्ति मरणोत्तर निघालेली होती. अशा एका आवृत्तींत, १७१९ सालीं, प्रकाशकानें बारा चित्रें वाढविलीं होतीं, आणि त्यांतलीं सर्वच कांहीं तिच्या हातचीं नव्हतीं. दुसऱ्यांच्या चुका अशा रीतीनें तिच्या माथीं बसल्या.

तिच्या स्वतःच्याहि चुका होत्या, हें खरें. एक मोठ्या डोक्याचा कीटक रात्रीं दिव्यासारखा प्रकाशतो असें तिनें लिहिलें. तो तसा प्रकाशत नाहीं. कांहीं सुरवंटांच्या जोडीला तिनें भलतींच पाखरें दिलीं. परंतु कोळ्याच्या बाबतींत ती खरी ठरली. १८६३ सालीं हेन्री बेट्स ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील आपल्या अकरा वर्षांच्या वास्तव्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि अशा कोळ्यानें पकडलेले पक्षी आपण प्रत्यक्ष पाहिल्याचें त्यांत नमूद केलें. ज्यांनीं पाहिलें नव्हतें ते तिला खोटी म्हणत होते. ज्यानें पाहिलें त्यानें तिची साक्ष पटविली. तरी गेलेला लौकिक परत येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. रशियांत राहिलेलीं तिचीं चित्रें व टिपणें प्रसिद्ध झालीं, विद्वानांनीं तिचें चरित्र नव्यानें शोधलें, आणि १९९२ सालीं जर्मनीनें पांचशें मार्कांच्या नोटेवर तिची प्रतिमा छापली. युरो चलन आल्यावर ती नोट व्यवहारांतून गेली, पण नांव मात्र आतां पुन्हां पुसलें जाणार नाहीं.

ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? चित्रकला सर्वांनाच येईल असें नाहीं, आणि सुरिनामला जाण्याचा योगहि सर्वांस येणार नाहीं. परंतु मरियाबाईंचें मुख्य साधन कुंचला नव्हता, जहाजहि नव्हतें. जगानें तुच्छ म्हणून टाकलेल्या वस्तूपुढें थांबून ती शेवटपर्यंत पाहण्याची तयारी, हेंच त्यांचें साधन होतें. सुरवंट कोश विणून निश्चल झाला म्हणजे पुष्कळांना वाटतें कीं तो मेला. मरियाबाई त्याची पेटी फेंकून देत नसत. त्या वाट पाहात. कधीं कोशांतून पाखरूं येई. कधीं त्याऐवजीं भलत्याच माशा बाहेर पडत व सारा श्रम वायां जाई, आणि तेंहि त्या लिहून ठेवीत. मनाजोगें घडलें नाहीं म्हणून त्यांनीं डोळे मिटून घेतले नाहींत.

येत्या पावसाळ्यांत कुंपणावरचा शंकासूर पुन्हां फुलेल, आणि त्याच्या किंवा शेजारच्या एखाद्या झाडाच्या पानावर कुरतडलेल्या कडेशीं एखादा सुरवंट दिसेल. विद्यार्थिमित्रांनो, त्याला चपलेखालीं घेण्यापूर्वीं क्षणभर थांबा. एका पेटींत त्याच झाडाचीं पानें घालून त्याला ठेवा, रोज पानें बदला, आणि काय दिसतें तें तारखेसह वहींत लिहा. आणि ती पानें आणून देणारा माळी, पेटी करून देणारा सुतार, झाडाचा गुण सांगणारी आजी, ह्यांचीं नांवेंहि त्याच वहींत लिहा. मरियाबाईंच्या हातून जें राहून गेलें तें एवढ्यापुरतें तरी आपण पुरें करूं.